ड्रमचा कूलर

भिलाईत मे महिन्यात दुपारचा पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या छपराखालच्या गॅरेजात त्याहूनही जास्त. सुटीवर आलेले दोघे-तिघे कॅडेट माझ्या गॅरेजातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये हाताने काम करायला शिकतात. घामाने निसटणाऱ्या हातात ग्राइंडर देणे बरे नाही आणि शटर सारखे वर-खाली होणाऱ्या जागेत एसी लावणे म्हणजे पैसा वाया. म्हणून आम्ही एका जुन्या प्लॅस्टिकच्या ड्रमचा कूलर केला. पंखा धरून खर्च अडीच हजारांच्या आत आला.

यातले विज्ञान माठाचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती हवेतून घेतली जाते. आमच्या कूलरमधून तासाला साधारण सहा लिटर पाणी उडते. भागाकार करून पाहा, सेकंदाला चार किलोज्यूल, म्हणजे चार किलोवॅट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. पण या आकड्यावर फार फुशारू नये. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, तर कूलरची गार हवा एक फेरी मारून निघून जाते. पोलाद कारखान्यातले कूलिंग टॉवर याच तत्त्वावर चालतात. तिथे गार करायचे असते ते पाणी, इतकेच.

कूलर किती गारवा देईल, हे आधीच मोजता येते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून पंख्यासमोर धरा. हवेचे तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे फरक २१ अंशांचा. चांगली ताटी त्यातला सुमारे ७० टक्के कापते, म्हणून २९-३० अंशांची हवा मिळते. जुलैत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना फरक जेमतेम पाच अंश उरतो. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा.

२०० लिटरच्या ड्रमला तीन बाजूंनी ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या खिडक्या कापल्या आणि चौथ्या बाजूला १२ इंची एक्झॉस्ट फॅन बसवला, पुढे जाळी लावून. खिडक्यांत वुडवूलच्या ताट्या. वाळ्याच्या ताट्यांना वास छान येतो, पण त्या महाग पडतात. तळाशी २० सेंटिमीटर पाणी, त्यात छोटा पंप आणि वर भोके पाडलेली नळी. ताटी सगळीकडे सारखी भिजली पाहिजे. कोरडा पट्टा राहिला की गरम हवा तिथूनच आत घुसते.

ड्रम गॅरेजच्या बाहेर मागच्या दाराशी सावलीत ठेवला, पंख्याचे तोंड आत. समोरचे शटर फूटभर उघडे. बहुतेक लोक इथेच फसतात. दारे-खिडक्या लावून घेतली की ओलावा आत साचतो आणि तासाभरात अंग चिकट होते, शिवाय फायली आणि व्हर्निअर गंजतात. मिग वेल्डिंग चालू असेल तर झोत दुसरीकडे वळवावा, नाहीतर जोडाभोवतीचा वायूच उडून जातो.

आता विजेबद्दल. विदर्भात आणि छत्तीसगडात कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे मरतात. एमसीबी आहे म्हणजे भीती नाही, असे पुष्कळांना वाटते. एमसीबी १६ अँपिअरची, आणि माणसाचा जीव घ्यायला ०.१ अँपिअर पुरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. तिचे टेस्ट बटण आम्ही महिन्यातून एकदा दाबतो. ड्रम प्लॅस्टिकचा असला तरी पंपाचे आवरण फाटले की पाण्यातच वीज उतरते आणि पंख्याची चौकट लोखंडी असते, म्हणून तिला अर्थिंगची तार जोडलेली आहे. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटे असेल तर बटण न्यूट्रलवर असते आणि आतली तार जिवंतच राहते. आधी प्लग उपसायचा, मग बादली उचलायची. पायात रबरी चप्पल हवी. हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी वर्कशॉप बंद, मग तो कोणत्याही हाउसचा असो.

पाणी उडते, क्षार मागे राहतात, ताटीवर पांढरा थर चढतो. त्यासाठी आणि डासांसाठी दर रविवारी ड्रम रिकामा करतो. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली होती. त्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. काथ्याने घासावे लागते, आणि ते काम पाळीपाळीने होते.

पहिला पाऊस पडला की ताट्या टाकून देतो, पंप धुऊन डब्यात ठेवतो आणि ड्रम वाळवून उपडा घालतो.