योजनेचं टेस्टिंग

लॅबमध्ये एखाद्या बदलाचा परिणाम बघायचा असेल तर न बदललेलं एक सॅम्पल शेजारी ठेवावं लागतं. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणारच नाही. पण मित्रांनो, सरकारी योजनेचं असं टेस्टिंग करता येतं का? मेक्सिकोत ते झालं.

सांतियागो लेव्ही हे बॉस्टन युनिव्हर्सिटीत शिकवलेले अर्थशास्त्रज्ञ. गरिबी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९९४ मध्ये ते मेक्सिकोच्या अर्थखात्यात उपमंत्री झाले. तेव्हा सरकार तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, स्वस्त ठेवायला पैसा ओतत होतं. त्याचा बराचसा फायदा शहरांना व्हायचा. खेड्यातला गरीब मात्र बाजूलाच राहायचा.

लेव्ही आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ होसे गोमेस दे लेओन यांनी १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' योजना आणली. पैसे थेट आईच्या हातात. अट अशी की मुलांनी शाळेत जायचं आणि घरच्यांनी दवाखान्यात तपासणी करून घ्यायची. मोठ्या इयत्तेला रक्कम जास्त, कारण मोठं मूल शाळेत बसलं की घरातली एक मजुरी बुडते. माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा जास्त रक्कम, कारण शाळा आधी त्यांचीच सुटायची.

टेस्टिंगसाठी ५०६ गावं घेतली. त्यातली ३२० चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून तिथे योजना आधी सुरू केली. उरलेल्या १८६ गावांना साधारण दीड-दोन वर्षं थांबावं लागलं. तिथल्या मुलांवर हा अन्याय नाही का? प्रश्न बरोबर आहे. पण सगळीकडे एकदम द्यायला पैसा आणि माणसं नव्हतीच. मग वशिल्यापेक्षा चिठ्ठी बरी!

रिझल्ट काय आला? प्राथमिक शाळेत मुलं आधीच जात होती, तिथे फरक थोडा. माध्यमिकला प्रवेश वाढले, मुलींचे जास्त. परीक्षेतले मार्क मात्र तसे वाढले नाहीत. म्हणजे पैशाने मूल वर्गापर्यंत येतं. पुढचं काम मास्तरांचं.

२००० मध्ये सत्ता बदलली. नवं सरकार आलं की जुनी योजना बंद, ही तिथलीही रीत. पण हातात आकडे होते, म्हणून योजना टिकली आणि शहरांतही गेली. नाव बदलून २००२ मध्ये 'ओपोर्तुनिदादेस', २०१४ मध्ये 'प्रोस्पेरा' झालं. २०१९ मध्ये मात्र पुढच्या सरकारने ती बंद केली.

आकडे योजनेला वाचवू शकतात, पण कायमचं नाही. त्यासाठी ते आकडे वाचणारी माणसंही लागतात. आपण इंजिनीअर होणार, आकड्यांना घाबरत नाही. मग योजनेची जाहिरात दिसली की निदान एवढं तरी विचारूया: टेस्टिंग केलंय का?