नंदीबैलाची मान आणि आपला निष्कर्ष



पोळा आला की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात घरोघरी बैलांचे कौतुक होते. आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकतात, पोळ्याला झूल घालून पुरणपोळी भरवतात. तेव्हा मोठी माणसे म्हणतात, "बैलाला सगळं समजतं." खरोखर किती समजते आणि ते ओळखायचे कसे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

दारी येणारा नंदीबैल तुम्ही पाहिला असेल. "यंदा पाऊस येईल का?" असे विचारले की तो मान हलवतो. लहान मुलांना वाटते, त्याला भविष्य कळते. खरे तर त्याला प्रश्न कळलेला नसतो. मालकाचा इशारा आणि ढोलाचा ठोका यांवर मान हलवायची सवय त्याला लावलेली असते.

अशीच गोष्ट जर्मनीत बर्लिन शहरात घडली. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणित शिक्षकांचा हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारली की तो खूर आपटून अचूक उत्तर देई. १९०४ मध्ये जाणकारांच्या समितीने तपासणी केली. तिला कोणतीही लबाडी आढळली नाही. मग घोड्याला खरेच गणित येत होते का?

ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने एक-एक परिस्थिती बदलून पाहिली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले की घोडा चुके. विचारणारा दिसत नसला तरी चुके. म्हणजे घोडा आकडे मोजत नव्हता, माणसाकडे पाहत होता. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि घोडा थांबे. हे संशोधन १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

याआधी १८९४ मध्ये इंग्लंडचे लॉइड मॉर्गन यांनी एक नियम सांगितला होता. प्राण्याच्या वागण्याचा खुलासा साध्या कारणाने होत असेल, तर त्यामागे मोठी बुद्धी मानू नये. पण याचा अर्थ प्राण्याला मनच नाही असा नव्हे. माणसांच्या लक्षात न आलेली हालचाल हान्सने टिपली, ही हुशारीच होती. फक्त ती आपण समजत होतो ती नव्हती.

माणसाबद्दलही असेच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. त्यात माणसे जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु बाहेरचा माणूस "हे लोक क्रूरच" असे म्हणून मोकळा होतो, तेव्हा तोही घाई करतो. काल बैलाच्या खांद्याला हळद लावणारा हात आज दगड उचलतो. असे का होते हे समजायचे असेल तर गर्दी, परंपरा आणि गावाचा अभिमान यांचाही विचार करावा लागेल. ही प्रथा बदलायची असेल तर हा विचार अधिकच जरुरीचा आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला वर्गात एक मुलगी होती. काहीही विचारले तरी ती खाली मान घाली. मी तिला अभ्यासात कच्ची ठरवून टाकले. एके दिवशी बाजारात ती आईसोबत भेटली. मी सहज मराठीत विचारले, "काल शिकवलेलं पाणी गाळणं समजलं का गं?" तिने रेती, गिट्टी, कोळसा सगळे क्रमाने सांगितले. धडा तिला पाठ होता, अडत होती ती हिंदी. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, म्हणून ही अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. परिस्थितीतील एकच गोष्ट बदलली आणि माझा निष्कर्ष खोटा ठरला.

उपक्रम : वहीत दोन रकाने आखा, 'दिसले' आणि 'वाटले'. घरचा बैल, गाय, कुत्रा किंवा मांजर यांचे आठ दिवस निरीक्षण करा. "शेपटी हलवली" हे पहिल्या रकान्यात, "आनंद झाला" हे दुसऱ्या रकान्यात लिहा. प्रत्येक 'वाटले' समोर विचारा : दुसरे कारण असू शकेल का? ते तपासण्यासाठी काय बदलून पाहता येईल?

नंतर हेच प्रश्न वर्गातील गप्प बसणाऱ्या मित्राबद्दल स्वतःला विचारा. आम्ही शिक्षकही विचारू.