माहेर, कावू आणि कुरण : स्त्रियांच्या बोलण्यातील जंगल आणि मूल

भारतीय भाषांतील स्त्रिया झाडांच्या आणि मुलांच्या बाजूने जे बोलल्या, त्याचा विचार करू लागताच अभ्यासकाच्या लेखणीवर ‘मातृत्व’ हा शब्द आपोआप येऊन बसतो. धरित्री ही माता, स्त्री ही माता, म्हणून स्त्रीने धरित्रीची बाजू घेणे स्वाभाविक, असा हा अनुमानाचा मार्ग आहे. तो फार सोपा आहे म्हणूनच तपासून पाहावयास हवा. आई मुलाच्या वतीने बोलते तेव्हा मुलाला बोलता येत नाही हे तिने गृहीत धरलेले असते. बोलणारीला अधिकार मिळतो तो समोरच्याच्या मुकेपणातून. जंगलाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. मुलांच्या बाबतीत चालेलच असे नाही. शिवाय प्रत्यक्ष उदाहरणे पाहू गेल्यास असे दिसते की, ज्या स्त्रियांचे बोलणे परिणामकारक ठरले त्यांतील अनेकजणी आई या नात्याने बोललेल्याच नाहीत. नाते वेगळे होते, आणि नाते वेगळे असल्यामुळे मागणेही वेगळे होते, असे प्रस्तुत लेखिकेचे म्हणणे आहे.

पहिले उदाहरण साहित्यकृतीचे नाही, एका उच्चाराचे आहे. २६ मार्च १९७४ रोजी गढवालमधील रैणी या गावात पुरुष मंडळी नव्हती. १९६२ च्या युद्धानंतर लष्करासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून ती चमोलीला गेली होती. ठेकेदाराचे मजूर जंगलाकडे निघाले तेव्हा महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवी २७ जणींना घेऊन त्यांना आडव्या गेल्या; त्यांत मुलीही होत्या. मजुरांना परतावे लागले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या समितीने अहवाल दिला आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा वर्षे वृक्षतोड बंद झाली. चिपको आंदोलनाचा हा इतिहास सर्वपरिचित आहे. आपल्याला हवा आहे तो त्यातील एक शब्द. गौरादेवींनी त्या जंगलाला आपला ‘मायका’ म्हटले, असे या प्रसंगाच्या अनेक कथनांत सांगितले जाते. गढवाली बोलीत यालाच ‘मैत’ म्हणतात; मराठीत अर्थातच माहेर.

या शब्दात आई आहे, पण बोलणारी आई नाही. बोलणारी लेक आहे. गौरादेवींचा जन्म लाता गावचा. रैणी हे त्यांचे सासर. म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने त्या उभ्या होत्या ते जंगल सासरचे होते, आणि त्यांनी त्याला माहेर म्हटले. गढवाली ‘खुदेड’ गीते ज्यांनी वाचली आहेत त्यांना या उलटापालटीचे मर्म ध्यानात येईल. चैत्रात डोंगर फुलतात, घुघुती पक्षी घुमू लागतो आणि सासुरवाशिणीला मैत आठवते, हा त्या गीतांचा नेहमीचा प्रसंग. तेथे माहेर डोंगरापलीकडे असते व डोंगर आड येतो. रैणीत आड येणारा डोंगरच माहेर झाला. बाविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या बाईला चारा, सरपण, औषधी मुळ्या देणारे ठिकाण कोणते, हे पाहिले म्हणजे त्यात अलंकार फारसा उरत नाही.

मराठी वाचकाला हे स्थलांतर नवखे वाटू नये. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मधील ओव्यांत, किंवा हेमा राईरकर व गी पॉयट्व्हॅं यांनी जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांच्या भांडारात माहेर म्हणजे प्रामुख्याने माणसे : आई, भाऊ, मुराळी, आणि तिकडे जाणारी वाट. परंतु वारकऱ्यांनी पंढरीला माहेर म्हटले, तेव्हाच हा शब्द घराच्या भिंती ओलांडून बाहेर पडला होता. संकटात जेथे जाऊन हक्काने मागता येते ते माहेर, एवढा अर्थ त्यात शिल्लक राहिला.

येथे एक अडचण आहे, ती झाकून ठेवू नये. रूढीप्रमाणे लेकीचा माहेरावरचा हक्क साडीचोळीचा; सातबाऱ्याचा नव्हे. त्या दिवशी पुरुष भरपाईसाठी गेले होते, कारण भरपाई मालकाला मिळते. स्त्रिया जंगलाशी राहिल्या, कारण मालकी नसताना सांगता येण्याजोगे नाते तेवढे एकच होते. या शब्दाचे बळ आणि त्याचे दुबळेपण एकाच ठिकाणी आहे.

हा सारा अर्थ मल्याळममध्ये कसा न्यावा, असा प्रश्न आमच्या वर्गात निघाला तेव्हा एक मल्याळी विद्यार्थिनी अडून बसली. माहेरच्या घराला शब्द आहे, पण ही हुरहुर त्यात येत नाही, असे तिचे म्हणणे. ते विचार करण्याजोगे आहे. केरळातील नायर व इतर काही समाजांत मरुमक्कत्तायम, म्हणजे मातृवंशीय वारसापद्धती, होती. कायद्याने ती १९७६ साली संपली. त्या पद्धतीत लेक सामान्यतः आपले तरवाड, आपले मूळ घर, सोडून जात नसे. जी गेली नाही तिला माहेर आठवणार कसे? मात्र तरवाडाच्या आवारात एक ‘कावू’ असे : नागांसाठी राखलेली झाडी, जेथे कोयता चालत नाही आणि तिन्हीसांजेला दिवा लागतो. आपल्याकडील देवराईची ही घरगुती बहीण.

सुगतकुमारी (१९३४–२०२०) यांचा जन्म आरन्मुळ्याचा. कुंतिपुळा नदीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सायलेंट व्हॅलीचा लढा उभा राहिला तेव्हा त्यांची ‘मरत्तिनु स्तुति’ ही कविता त्या लढ्याचे गीत बनली. १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले. शीर्षकातील ‘स्तुती’ हा शब्द महत्त्वाचा. वृक्षाची स्तुती करणारी स्त्री वृक्षाची आई नसते, लेकही नसते. ती हात जोडून उभी असते. ती ज्याच्या वतीने बोलते तो तिच्याहून मोठा आहे. कावूतून आलेले हे नाते आहे, असे मला वाटते. अशा लेखकांची त्या काळी ‘झाडकवी’ म्हणून टवाळी झाली. टवाळी करणाऱ्यांना स्तोत्र ही राजकीय रचना असू शकते हे उमगले नसावे.

सुगतकुमारी केवळ झाडांच्या कवयित्री नव्हत्या. ‘तळिरु’ या मुलांच्या मासिकाचे संपादन त्यांनी केले. १९८५ मध्ये निराधार व मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘अभया’ ही संस्था काढली. ‘पेण्‌कुञ्ञ्-९०’ ही मुलीच्या वाट्याला येणाऱ्या काळावरची कविता लिहिली. पण मुलीची स्तुती करून भागत नाही. तिला देव करणे हाही तिला गप्प बसविण्याचाच प्रकार होय. झाडापुढे साधणारा स्वर मुलापुढे साधत नाही, त्याला दुसरे नाते लागते.

ते नाते कोणते, याचा शोध घेताना मला कोसबाडची टेकडी आठवते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे कोसबाडला नेले. वारली मुले शाळेत येत ना, कारण ती गुरे राखीत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हे तिचे नाव. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे वापरात आले. पाड्यावरच्या अंगणात भरणारी ती ‘अंगणवाडी’. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेमुळे हा शब्द आज देशभर कानावर पडतो. येथे निसर्ग आणि मूल यांची बाजू वेगवेगळी घ्यावी लागली नाही, कारण झाडापाखरांची माहिती मुलाला बाईंपेक्षा अधिक होती. बाईंनी विचारावयाचे आणि मुलाने सांगावयाचे. ताराबाईंचे गुजरातमधील सहकारी गिजुभाई बधेका यांना लोक कौतुकाने ‘मूछाळी मा’, मिशावाली आई, म्हणत. पुरुषाला आईपण मिळाले; कोसबाडच्या या स्त्रिया मात्र ‘बाई’ आणि ‘ताई’च राहिल्या. ताई धाकट्याच्या वतीने बोलते खरी, पण धाकटा तिला मध्येच तोडून बोलू शकतो.

या दृष्टीने रैणीची हकिकत पुन्हा वाचावी. मजूर जंगलाकडे चालले आहेत हे प्रथम पाहिले ते एका मुलीने. ती धावत गौरादेवींकडे गेली आणि तिने सांगितले. बहुतेक कथनांत ती केवळ ‘एक मुलगी’ आहे. निरोप पोचला की ती त्यांतून नाहीशी होते.