तांब्यापासून घ्यावयाचा धडा

वस्तू घडविण्यापूर्वी ती वापरणारा हात पाहावा, हा वस्तुरचनेचा पहिला पाठ होय. चार्ल्स व रे ईम्स ह्या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारास दिलेल्या अहवालात आपल्या लोट्याची, म्हणजेच घरोघरच्या तांब्याची, मोठी वाखाणणी केली. तो कोणा एकाने रचिला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्यास घडविले. त्याच्या गळ्याभोवती बोटे सहज बसतात, फुगीर पोटामुळे थोडक्या धातूत पुष्कळ पाणी मावते आणि बाहेर वळलेल्या काठामुळे धार नीट पडते. पोचा आल्यास तांबट तो ठोकून काढतो. फुटल्यास मोडीतूनही नवे भांडे होते. विद्यार्थ्यांनो, नवी वस्तू घेताना वा घडविताना आपण तीन प्रश्न विचारू या: हातास सोयीची आहे काय? दुरुस्त होईल काय? मोडल्यावर तिचे काय होईल?