व्हिजन मिक्सर : थेट प्रक्षेपणामागचे करिअर

‘मला मीडियात जायचंय’ असे मुलाने म्हटले की घरात दोनच चित्रे उभी राहतात : हातात बूम घेतलेला वार्ताहर, नाहीतर कॅमेरामन. पण संध्याकाळच्या चर्चेत निवेदिका पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात सरकते आणि उजवीकडून पाहुण्याची चौकट येऊन तिच्या शेजारी बसते, ते घडवणारा तिसराच असतो. पीसीआरमध्ये, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये, कॅमेऱ्यांची दृश्ये निवडणाऱ्या स्विचरसमोर बसणारा हा व्हिजन मिक्सर. काही वाहिन्यांत त्याला पॅनेल प्रोड्यूसर म्हणतात, तर इव्हेंटच्या कामात ऑनलाइन एडिटर.

काम नेमके काय?

स्विचरवर प्रोग्रॅम आणि प्रिव्ह्यू अशा बटणांच्या दोन रांगा असतात. पुढचे दृश्य प्रिव्ह्यूवर तयार ठेवायचे आणि दिग्दर्शकाने सांगताच ते प्रक्षेपणात न्यायचे. एवढे सरावाने लवकर जमते. कसब लागते ते इफेक्ट रचायला.

वरचीच हालचाल घ्या. पहिल्या कीफ्रेममध्ये, म्हणजे हालचालीच्या ठरवलेल्या टप्प्यात, निवेदिका पूर्ण पडद्यावर, पाहुण्याची चौकट उजव्या कडेच्या बाहेर. दुसऱ्या कीफ्रेममध्ये दोघे आपापल्या अर्ध्यात. रांगोळीचे ठिपके आपण मांडायचे, रेषा यंत्र ओढते. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम असतात. 20 फ्रेमचा अवधी दिला तर हालचाल सेकंदाच्या आत संपते. वेग एकसारखा ठेवला तर चौकट हिसका देऊन सुटते आणि हिसक्यानेच थांबते. सुरुवात आणि शेवट मंद केला की तीच हालचाल डोळ्याला गोड वाटते. तयार इफेक्ट रजिस्टरमध्ये साठवायचा, त्याला नाव द्यायचे आणि कार्यक्रमात रिकॉल करून चालवायचा. सोनी, ग्रास व्हॅली, रॉस यांच्या स्विचरवरची बटणे वेगवेगळी. ग्रास व्हॅलीवर या साठ्याला ई-मेम म्हणतात. तत्त्व मात्र सगळीकडे हेच.

घोळ कुठे होतो?

रजिस्टरमध्ये फक्त चौकटींची जागा साठत नाही. कोणता कॅमेरा निवडलेला होता, कोणता कीयर, म्हणजे चित्रावर पट्टी किंवा चौकट चढवणारा थर, चालू होता, हेही सोबत जाऊ शकते. सोमवारी कॅमेरा 2 वर असलेली निवेदिका मंगळवारी कॅमेरा 3 वर असेल आणि जुना इफेक्ट तसाच रिकॉल झाला, तर पडद्यावर रिकामी खुर्ची दिसते. नावाची पट्टी ज्या कीयरवर आहे तोही इफेक्टमध्ये गेला असेल, तर वक्त्याचे नाव बोलता बोलता गायब होते.

म्हणून जाणता ऑपरेटर साठवण्याआधी ठरवतो, काय घ्यायचे आणि काय वगळायचे. प्रक्षेपणात नसलेल्या एम/ई (मिक्स/इफेक्ट) बँकेवर, म्हणजे स्विचरच्या मोकळ्या विभागावर, इफेक्ट आधी चालवून बघतो. रजिस्टरांची यादी रात्रपाळीच्या सहकाऱ्यालाही कळेल अशी लिहितो आणि सगळा सेटअप पेन ड्राइव्हवर जपून ठेवतो. टापटीप, एकाग्रता, हेडफोनमधला आदेश ऐकत असताना हात स्थिर ठेवणे आणि लयीची जाण, हे या कामाचे खरे भांडवल आहे.

शिकायचे कुठे?

पुण्याच्या एफटीआयआयच्या टेलिव्हिजन विभागात पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा किंवा बीएएमएमसी (मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशनमधील बीए) करूनही या क्षेत्रात येता येते. पण इथे पदवीपेक्षा हात किती बसलाय ते पाहतात.

सराव घरीही करता येतो. व्हीमिक्स हे सॉफ्टवेअर 60 दिवस मोफत वापरून पाहता येते. त्यातल्या मर्ज ट्रान्झिशनने चौकट एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. एटीईएम मिनी या छोट्या स्विचरवर चौकटीच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जागा साठवून तिला एकीकडून दुसरीकडे नेता येते. एकामागून एक करायच्या क्रिया मॅक्रोमध्ये नोंदवता येतात. कॉलेजचे गॅदरिंग, व्याख्यानमाला, गावातले कीर्तन, ज्याचे थेट प्रक्षेपण होत असेल तिथे जाऊन स्विचर चालवणाऱ्याशेजारी बसा. केबल गुंडाळण्यापासून सुरुवात झाली तरी कमीपणा मानू नका.

पालकांच्या दोन शंका

पहिली, पगाराची. सुरुवात ट्रेनी म्हणून आणि थोडक्या पगारावरच होते. वृत्तवाहिनीत रात्रपाळी चुकत नाही, ऐन दिवाळीतही ड्युटी लागते. फ्रीलान्स कामाचे पैसे दिवसाच्या हिशेबाने मिळतात, त्यामुळे सगळे महिने सारखे जात नाहीत. हे मान्य असेल तरच या वाटेला जावे.

दुसरी, यंत्र नोकरी खाईल का? खाईल, पण अर्धी. रॉसचे ओव्हरड्राइव्ह, विझआरटीचे मोसार्ट यांसारख्या यंत्रणा रनडाऊनप्रमाणे, म्हणजे बातम्यांच्या क्रमयादीप्रमाणे, बुलेटिन चालवतात. सांगितल्यावर बटण दाबणे, एवढेच येणाऱ्याची गरज त्यामुळे कमी होते. मात्र या यंत्रणा रिकॉल करतात ते इफेक्ट आधी कुणीतरी रचलेले आणि तपासलेले असावे लागतात. तो ‘कुणीतरी’ होण्याची तयारी मुलाने करावी.

तेव्हा संस्थेत फी भरण्याआधी स्टुडिओ पाहा. स्विचर कोणता आहे, प्रत्येक विद्यार्थ्याला तो आठवड्यातून किती तास हाताळायला मिळतो आणि साठवण-रिकॉल स्वतः करू देतात का, हे शिक्षकांना विचारा. नीट उत्तर मिळाले नाही, तर दुसरी संस्था शोधा.