दारावरचा पहारेकरी : खर्च आणि मोल

झाशीला दरवाज्यांचे अप्रूप नाही. शहराच्या जुन्या कोटाचे ओरछा, दतिया, सागर, खंडेराव हे दरवाजे आजही पत्ता सांगताना उपयोगी पडतात. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली ती ओरछा दरवाजा आतून उघडला गेल्यामुळे, अशी कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण दाराची मजबुती दारावरच्या माणसावर अवलंबून असते, हे झाशीकराला वेगळे सांगावे लागत नाही, एवढे तिच्यावरून दिसते. जुन्या वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याचा खर्च एकच घर सोसत असे. सदनिकांच्या इमारतीत तो दहा-बारा किंवा पन्नास-साठ घरांत वाटला जातो आणि वार्षिक सभेत ‘हवाच कशाला?’ हा प्रश्न उभा राहतो.

प्रश्नाचे उत्तर हिशेबापासून सुरू करणे बरे. दारावर चोवीस तास एक माणूस हवा म्हणजे एक पगार, असा पुष्कळांचा समज असतो. आठ तासांची एक पाळी धरली, तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी घेणारा माणूस त्यांपैकी सहाच करू शकतो. म्हणजे साडेतीन माणसे लागतात, आणि रजा-आजारपण धरता चार. भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि संस्थेचा आकार धरून दर माणसामागे महिना १५,००० रुपये पडतात, असे केवळ उदाहरणादाखल मानू. चौघांचे ६०,००० झाले. खाजगी सुरक्षा संस्थेमार्फत ते घेतल्यास त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागून एकूण ७०,८०० रुपये होतात. साठ सदनिकांत वाटल्यास प्रत्येकी १,१८० आणि बारा सदनिकांत वाटल्यास ५,९०० रुपये.

दरमहा ५,९०० रुपयांचा नेमका भार कळण्यासाठी तो कर्जाच्या भाषेत मांडून पाहावा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या गृहकर्जाचा मासिक हप्ता लाखामागे सुमारे ८६८ रुपये येतो. म्हणजे बारा घरांच्या इमारतीत अखंड पहारा ठेवणे हे प्रत्येक कुटुंबाने घराच्या किमतीत पावणेसात लाखांहून थोडी अधिक भर घालण्यासारखे आहे. साठ घरांच्या संकुलात हीच भर एक लाख छत्तीस हजारांच्या आसपास राहते. शिवाय कर्ज कधीतरी फिटते. पहाऱ्याचा खर्च किमान वेतनाबरोबर वाढतच जातो.

मग लहान इमारती सर्रास एक पळवाट शोधतात: बारा-बारा तासांचे दोघेच ठेवायचे. यात बचत दिसते खरी, पण ती कोणाच्या खिशातून होते हे पाहिले पाहिजे. नियत तासांपेक्षा जास्त कामाचे वेतन दुप्पट दराने देणे कायद्याने आवश्यक आहे. त्यानुसार आठ तासांवरील चार तासांचे आठ तासांइतके वेतन होते. म्हणजे बारा तासांच्या माणसाला सोळा तासांचा मोबदला द्यावा लागतो. दोघांचे मिळून बत्तीस तास, तर आठ-आठ तासांच्या तिघांचे चोवीस. नियमाने वागल्यास दोघे तिघांहून महाग पडतात. स्वस्त पडतात ते त्यांचे हक्काचे पैसे बुडवले जातात म्हणून. झाशीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या चौकीत, पंख्याविना, बारा तास बसलेला माणूस डुलकी घेतो याचे नवल नाही.

लहान इमारतीपुढे अखंड पहारा की काहीच नाही, एवढे दोनच मार्ग असतात असेही नाही. एकच पाळी ठेवायची तर ती कोणती, याचा विचार मात्र क्वचितच होतो. बहुतेक जण रात्र निवडतात. वस्तुतः रात्री मुख्य दाराला कुलूप लागते आणि किल्ल्या घरोघर असतात. दिवसा दार उघडे असते. विक्रेते, दुरुस्तीवाले, टपालवाले, बाहेरून मागवलेली पार्सले यांची ये-जा चालू असते. नोकरदार कामावर गेलेले असतात आणि घरात बहुधा ज्येष्ठ मंडळीच राहतात. मुले पुण्याला किंवा नोएडाला आणि आई-वडील झाशीत, अशा घरांना दिवसाचा माणूस रात्रीच्या शिपायापेक्षा अधिक मोलाचा आहे. तो पाण्याची मोटर पाहतो, वीज गेल्यावर जनित्र सुरू करतो, आणि सकाळी दूध दाराबाहेरच राहिले तर घंटा वाजवतो. अशा एका पाळीचा खर्च वरील दराने, करासह, १७,७०० रुपये. बारा घरांत प्रत्येकी १,४७५. कॅमेरा घटना टिपून ठेवतो, पण घंटा वाजवत नाही.

नेमणूक करताना खाजगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ अन्वये संस्थेकडे परवाना आहे का, हे आधी पाहावे. रक्षकाचे चारित्र्य व पूर्वेतिहास यांची पडताळणी आणि विहित प्रशिक्षण ही त्या कायद्यानुसार संस्थेची जबाबदारी असते. त्यांचे कागद मागण्यात संकोच कसला? वाटणीचा निर्णयही आधीच लेखी करावा. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांत पहारेकऱ्याचा पगार सेवाशुल्कात मोडतो आणि घर लहान असो वा मोठे, तो सर्वांना सारखाच येतो. उत्तर प्रदेशात २०१० च्या सदनिका अधिनियमानुसार मालकांचा संघ इमारतीचा कारभार पाहतो. तेथे येणाऱ्या मराठी कुटुंबाने महाराष्ट्रातील सवय गृहीत न धरता संघाचे उपविधी वाचावेत.

दागिन्यांची काळजी मात्र दारावरच्या माणसावर टाकू नये. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरमधील ऐवजाची हानी झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२२ पासून ठरवून दिले आहे. चौकीतल्या माणसाकडून तशी भरपाई मागता येत नाही, आणि त्याच्या पगारात ती धरलेलीही नसते.