लग्नसराईची फुले आणि काढणीनंतरचा पहिला तास

एप्रिल-मेमध्ये जरबेरा, डच गुलाब आणि गुलछडीला जाल तिथे मागणी असते, आणि माल सर्वांत लवकर मान टाकतो तोही याच दिवसांत. गुलटेकडीला किंवा दादरला पहाटे टवटवीत उतरलेली जुडी गिऱ्हाइकाच्या घरी दुसऱ्याच दिवशी लोळते. मग बोल लागतो फुलदाणीला, फुलवाल्याला, मुंबईच्या उकाड्याला. खरा घोटाळा बहुतेक वेळा बांधावरच झालेला असतो.

झाडावरून काढलेले फूल श्वसन करतच राहते. तापमान दहा अंशांनी चढले की श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे दांड्यात साठलेली साखर तेवढ्याच झपाट्याने संपते. पाने-पाकळ्यांतून पाणी उडत असते ते वेगळेच. दांडा कोरडा राहिला की कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते, जलवाहिन्यांत बुडबुडे अडकतात आणि नंतर दांडा घागरभर पाण्यात उभा केला तरी फुलाला पाणी पोचत नाही. म्हणून काढणी ऊन चढायच्या आत उरकावी आणि बादली वाफ्यातच सोबत न्यावी. सगळे तोडून ढीग घालायचा आणि न्याहारी झाल्यावर पाण्यात ठेवायचे, ही सवय उन्हाळ्यात फार महाग पडते. संध्याकाळी दांड्यात साखर जास्त असते हे खरे, पण मे महिन्यात हरितगृह पाच वाजताही तापलेलेच असते. शीतगृह हाताशी असेल तरच संध्याकाळच्या काढणीचा विचार करावा.

जरबेरा कापू नये. दांडा बुडाशी धरून हलकासा पिळा देत उपटावा, कारण कापून राहिलेला खुंट गड्ड्यात कुज आणतो. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन ओळींत परागकण दिसू लागले की फूल तयार समजावे. त्याआधी काढलेले फूल हमखास वाकते. उपटल्यानंतर बुडाचा कठीण भाग दोन-तीन सेंटिमीटर छाटावा, नाहीतर त्यातून पाणी चढत नाही. गुलाब लांबच्या बाजारासाठी घट्ट कळीत आणि जवळच्यासाठी बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्यावर काढावा. गुलछडीची छडी खालची एक-दोन फुले उमलताना कापावी.

आता बादली. तिच्याकडे कोणी बघत नाही, म्हणूनच ती जास्त मारक. कालच्या पाण्याचा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वसाहत, आणि तेच जिवाणू दांड्याचे तोंड बुजवतात. बादली प्लॅस्टिकची असावी आणि रोज घासावी. जरबेराचा पोकळ, लवदार दांडा पटकन सडतो. त्यासाठी लिटरला 1 मिलि या प्रमाणात 5 टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट घालावे, म्हणजे सुमारे 50 पीपीएम क्लोरीन मिळते. पाणीही चार-पाच बोटेच ठेवावे. गुलाबासाठी बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर लिटरला 0.3 ग्रॅम सायट्रिक आम्ल टाकावे, आम्लयुक्त पाणी दांड्यात सहज चढते. मात्र ही दोन्ही एका बादलीत कधीही मिसळू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शीतगृह असल्यास गुलाब 2 ते 4 अंशांवर ठेवावा. नसेल तर विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत चांगले काम देतो. कोकणातल्या दमट हवेत त्याच्यावर विसंबू नये.

मे महिन्यातली आणखी एक चूक म्हणजे फुलांच्या गाडीत आंब्याच्या पेट्या. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो. कार्नेशनच्या पाकळ्या त्याने आत मिटतात आणि मग कशानेही उघडत नाहीत. ऑर्किडही लवकर सुकते. भाड्याचे चार पैसे वाचतात, माल जातो.

थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांनी जुडीसोबत एक चिठ्ठी द्यावी, त्यात फार काही लिहायला नको. दांडा पाण्याखाली धरून दोन सेंटिमीटर तिरका कापावा. पाण्यात बुडणारी पाने काढावीत. पाणी रोज बदलावे. फुलदाणी पंख्याखाली, खिडकीच्या उन्हात किंवा आंब्याच्या अढीशेजारी ठेवू नये. लिटरभर पाण्यात चार चमचे साखर घातली तर अर्धे लिंबूही पिळावे, कारण नुसती साखर फुलाआधी जिवाणूंच्या कामी येते. अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा बराच बोलबाला आहे. तिच्यावर भरवसा ठेवू नये.

प्रत्येक खेपेतले चार-पाच दांडे स्वतःच्या घरात साध्या पाण्यात ठेवून तारखेसह नोंद करावी. चांगला जरबेरा सात ते दहा दिवस टिकायला हवा. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाकला तर व्यापाऱ्याशी वाद घालण्याआधी त्या दिवशीची काढणीची वेळ आणि बादली तपासावी.